‘रोबोट येईपर्यंत थांबा’ हा सल्ला बाळाच्या हृदयाला परवडणारा नाही

‘हृदयाला छिद्र असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी आनंदाची बातमी’ अशा मथळ्याने सुरू होणारा एक मजकूर कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर कधी चित्रफितीसह, कधी नुसत्या अक्षरांत फिरत असतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. आता रोबोट स्वतःच मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करतो, त्यामुळे माणसाच्या हाताची चूक होत नाही. छाती कापावी लागत नाही आणि हृदय थांबवावे लागत नाही. एक दिवसाच्या बाळापासून सर्वांना हे चालते. यश शंभर टक्के आहे. परदेशात जुनी पद्धत बंद झाली असून आपल्याकडचे डॉक्टर मात्र हे सांगत नाहीत. आणि म्हणून, ज्यांच्या मुलाला ऑपरेशन सांगितले आहे त्यांनी घाई न करता रोबोटची सोय होईपर्यंत थांबावे. शेवटी नेहमीप्रमाणे ‘एका तरी गरजूपर्यंत पोहोचवा’ ही विनंती असते.

या मजकुरातील बहुतेक विधानांत खऱ्याचा एखादा कण आहे, आणि म्हणूनच तो निव्वळ थापेपेक्षा जास्त त्रासदायक आहे. रोबोटच्या साहाय्याने हृदयशस्त्रक्रिया होतात आणि त्यांपैकी काही जन्मजात दोषांसाठी होतात, हे कोणी नाकारणार नाही. पण कोणाच्या शरीरात, कोणत्या दोषासाठी आणि कोणत्या वयात, हा तपशील गाळला की खऱ्या बातमीतून चुकीचा सल्ला तयार होतो. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मुले हृदयदोष घेऊन जन्माला येतात, असा बालहृदयरोगतज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांपैकी साधारण एक पंचमांश मुलांचा दोष इतका गंभीर असतो की उपचार लवकर करावे लागतात. त्या एक पंचमांशांतल्या एखाद्या घरात हा मजकूर पोहोचला आणि त्यावर विश्वास बसला, तर होणारे नुकसान भरून काढता येईलच असे नाही. म्हणून एकेक विधान तपासून पाहू.

‘रोबोट स्वतःच शस्त्रक्रिया करतो, म्हणून हाताची चूक होत नाही.’

रुग्णालयांत सर्वाधिक आढळणारी यंत्रणा दा विंची नावाची आहे. तिचे चार बाहू रुग्णाच्या अंगावर आणून उभे केले जातात. शल्यविशारद त्याच खोलीत काही अंतरावर एका आसनावर बसून, डोळे दर्शकात घालून, दोन्ही हातांच्या बोटांनी पकडी फिरवतात आणि पायांनी पेडल दाबतात. त्यांची बोटे जशी हलतील तशी आतल्या अवजारांची टोके हलतात. हाताचा कंप यंत्र गाळून टाकते आणि मोठी हालचाल लहान करून आत पोहोचवते. दृश्य त्रिमितीत आणि अनेक पटींनी मोठे दिसते. हे फायदे खरे आहेत आणि छोटे नाहीत. पण टाका कुठे घालायचा, किती ओढायचा, केव्हा थांबायचे, यांपैकी एकही निर्णय यंत्र घेत नाही. रुग्णाच्या शेजारी दुसरा शल्यविशारद हात धुऊन उभाच असतो. अवजारे बदलणे, रक्त शोषून घेणे, सुई आत देणे ही कामे तो करतो, आणि वेळ आली तर छाती उघडण्याची तयारीही त्याचीच असते.

याला एक उणी बाजूही होती, जी प्रशंसेच्या मजकुरांत कधी येत नाही. सुमारे पाव शतक या यंत्रणेतून शल्यविशारदाच्या बोटांना स्पर्श जाणवत नसे. धागा किती ताणला आहे हे डोळ्यांनी ओळखावे लागे. २०२४ मध्ये आलेल्या नव्या पिढीत ताण जाणवण्याची सोय झाली आहे, पण जगभरच्या शस्त्रक्रियागृहांतली सगळी यंत्रे काही एका रात्रीत बदलत नाहीत. नवजात बाळाची ऊती ओल्या कागदासारखी फाटते, आणि तिथे बोटांना लागणारा ताण ही चैनीची गोष्ट नसते.

स्वतःहून चालणाऱ्या यंत्राचे संशोधन मात्र खरोखर सुरू आहे. अमेरिकेतील बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधील पिएर ड्युपाँ यांच्या गटाने २०१९ मध्ये एक कॅथेटर, म्हणजे शरीरात घालायची बारीक नळी, प्रसिद्धीस आणले, जे हृदयाच्या आतल्या भिंतीला टेकत टेकत, स्वतःच वाट काढत गळणाऱ्या कृत्रिम झडपेपर्यंत पोहोचले. ते हृदय डुकराचे होते. आणि गळती बुजवण्याचे काम तिथेही शल्यविशारदानेच केले. ‘रोबोट स्वतः करतो’ या विधानाला सर्वांत जवळचा पुरावा आज एवढाच आहे.

राहिला मुद्दा हाताच्या चुकीचा. २०१५ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या फ्रीमन हॉस्पिटलमध्ये रोबोटच्या साहाय्याने एका प्रौढ रुग्णाच्या हृदयझडपेची दुरुस्ती करण्यात आली. रुग्ण काही दिवसांत दगावला. २०१८ मधील न्यायिक चौकशीत जे बाहेर आले ते वाचण्यासारखे आहे: शल्यविशारदाचा या यंत्रावरील सराव अपुरा होता, मार्गदर्शनासाठी आलेले तज्ज्ञ शस्त्रक्रिया चालू असतानाच निघून गेले होते आणि रक्त उडून कॅमेऱ्याला दिसणे अवघड झाले होते. चूक यंत्राची नव्हती. माणसांची तयारी कमी पडली होती, आणि यंत्र असल्याने ती उणीव भरून निघाली नाही.

‘छाती कापावी लागत नाही, हृदय थांबवावे लागत नाही.’

इथे मजकूर लिहिणाऱ्याने दोन वेगवेगळे उपचार एकत्र कालवले आहेत. चिरा न देता छिद्र बुजवण्याची पद्धत आहे, जुनी आहे आणि तिचा रोबोटशी काहीही संबंध नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन तिच्यातून घडी घातलेली जाळी छिद्रात उघडायची. आपल्याकडे पालक याला ‘बटण बसवणे’ किंवा ‘छत्री लावणे’ म्हणतात. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी, जन्मानंतर मिटायला हवी ती वाहिनी उघडी राहणे, म्हणजे पीडीए. ती अशा रीतीने बंद करण्याची सुरुवात पोर्स्टमान यांनी १९६७ मध्ये बर्लिनमध्ये केली. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याचे छिद्र, म्हणजे एएसडी, नळीद्वारे बुजवण्याचे पहिले यश अमेरिकेत किंग आणि मिल्स यांना १९७० च्या दशकात मिळाले. आज सर्वत्र वापरले जाणारे अ‍ॅम्प्लात्झर बटण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००१ मध्ये मान्य केले, आणि २०१९ मध्ये तर ७०० ग्रॅम वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पीडीए बंद करता येईल असे इवलेसे उपकरणही मान्य झाले. हे सारे कॅथलॅबमध्ये, म्हणजे अशा नळीच्या उपचारांच्या खोलीत, होते, हृदयरोगतज्ज्ञ करतात, आणि मूल सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाते. मजकुरासोबत फिरणाऱ्या चित्रफितींत जे ‘रोबोटचे ऑपरेशन’ म्हणून दाखवतात, ते पुष्कळदा याच बटणाचे संगणकीय चित्र असते.

बटण प्रत्येकाला बसत नाही, याचे कारण टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर एका ओळीत लिहिलेले असते. समजा अहवालात असे आहे: ‘१४ मिमी ओएस-एएसडी, डावीकडून उजवीकडे प्रवाह, आरए-आरव्ही डायलेटेड, आयव्हीसी रिम डेफिशियंट.’ पालकांची नजर १४ या आकड्यावर खिळते. निर्णय मात्र शेवटच्या तीन शब्दांवर होतो. छिद्राभोवती पडद्याची पुरेशी कड असेल तरच बटणाला धरायला जागा मिळते; खालच्या महाशिरेच्या बाजूची कड नसेल तर बटण निसटण्याचा धोका असतो आणि शस्त्रक्रियाच योग्य ठरते. छिद्र पडद्याच्या मध्यभागी नसून झडपांजवळ किंवा वरच्या महाशिरेच्या तोंडाशी असेल तर हे साधे बटण उपयोगाचे नाही.

आता रोबोटच्या साहाय्याने होणारी शस्त्रक्रिया. तिच्यात उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले हाड, कापावे लागत नाही, हे बरोबर आहे. पण उजव्या बरगड्यांमधून अवजारांसाठी आणि कॅमेऱ्यासाठी अनेक छिद्रे पाडतात, बहुधा साहाय्यकासाठी एक छोटा चिराही देतात, आणि जांघेतल्या धमनीत व शिरेत नळ्या घालून रुग्णाला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेतात, म्हणजे तेवढा वेळ हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम ते यंत्र करते. हृदयाच्या आत काम करायचे तर रक्ताची वाट दुसरीकडून वळवावीच लागते. बीजिंगमधील गाओ चांगचिंग यांच्या गटाने २००७ पासून धडधडत्या हृदयावर रोबोटच्या साहाय्याने एएसडी बंद करून दाखवले, पण तेव्हाही रुग्ण हृदय-फुप्फुस यंत्रावरच होता. हृदय थांबवले नाही म्हणजे हे यंत्र लागले नाही, असा अर्थ काढू नये.

‘एक दिवसाच्या बाळापासून सर्वांना चालते.’

सर्वांत चुकीचे विधान हे आहे, आणि ते तपासायला डॉक्टर असण्याची गरज नाही, फूटपट्टी पुरते.

दा विंचीच्या अवजारांची जाडी ८ मिलिमीटर आहे. आधीच्या पिढ्यांसाठी ५ मिलिमीटरची अवजारे मिळत असत, पण त्यांचे मनगट वळण्यासाठी आत जास्त लांबी लागे, त्यामुळे लहान छातीत ती उलट अडचणीची ठरत; आणि त्यानंतरच्या एक्सआय पिढीसाठी ती उपलब्धच नाहीत. बाहेरचे बाहू एकमेकांवर आदळू नयेत म्हणून दोन छिद्रांमध्ये साधारण ६ ते ८ सेंटिमीटर अंतर ठेवतात. नवजात बाळाच्या छातीचा संपूर्ण घेर, पाठीसकट, सुमारे ३३ सेंटिमीटर असतो. त्यातला पुढचा आणि उजवा भागच वापरता येतो, आणि त्यात कॅमेरा, डावे अवजार, उजवे अवजार यांना अशी मोकळीक द्यायची आहे. जागा पुरत नाही. समजा ती कशीबशी पुरवली, तरी आत काय आहे? एक सेंटिमीटरहून कमी व्यासाची महाधमनी आणि हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या एक-दोन मिलिमीटरच्या हृद्‌धमन्या. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झालेल्या बाळात या हृद्‌धमन्या सोडवून दुसऱ्या जागी शिवाव्या लागतात. जे शिवायचे आहे त्याच्या कित्येक पट जाड अवजाराने ते शिवणे कोणालाही जमणार नाही.

रक्ताचा हिशेब याहून निर्दय आहे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त सुमारे २५० मिलिलिटर असते, म्हणजे एका मोठ्या कपात मावेल एवढे. प्रौढ रुग्णात कॅमेऱ्यासमोर रक्तस्राव झाला तर बाहू सोडवून छाती उघडायला लागणारी काही मिनिटे कशीबशी मिळतात. बाळाला ती मिनिटे नसतात. शिवाय जांघेतली धमनी इतकी नाजूक असते की तिच्यातून यंत्राची नळी घातल्यास पायाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, आणि कामाला जागा मिळावी म्हणून प्रौढांत एक फुप्फुस बंद ठेवून दुसऱ्याने श्वास देतात, ती दुहेरी नळी लहान मुलांच्या श्वासनलिकेत जात नाही. भूलतज्ज्ञांकडे यावर पर्यायी उपाय असतात, पण आधीच आजारी असलेल्या बाळात तेही सोपे नाहीत.

मुलांत हे यंत्र वापरून पाहिलेच नाही, असे मात्र नाही. २००२ मध्ये पॅरिसमधील शल्यविशारदांनी पीडीए असलेल्या ५६ मुलांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. २८ मुलांत साध्या दुर्बिणीच्या साहाय्याने आणि २८ मुलांत झ्यूस या तेव्हाच्या रोबोटच्या साहाय्याने वाहिनी बंद केली होती. परिणाम दोन्हीकडे सारखे आले. रोबोटला वेळ जास्त लागला. बॉस्टनमध्येही पीडीए आणि श्वासनलिकेभोवती पडलेले रक्तवाहिन्यांचे कडे सोडवण्यासाठी रोबोट वापरला गेला. हे दोष हृदयाच्या बाहेरचे आहेत. तिथे हृदय-फुप्फुस यंत्र लागत नाही, काम उथळ असते आणि मूल थोडे मोठे असेल तर रोबोट शोभून दिसतो. पुढे पीडीएच्या बाबतीत बटणाने त्याचीही गरज बहुतांशी संपवली. नवे यंत्र जुन्या कात्रीशी स्पर्धा करत असताना तिसऱ्याच दाराने नळी येऊन काम उरकून गेली, हे मुलांच्या हृदयोपचारांत वारंवार घडले आहे.

या विधानाच्या समर्थनार्थ अलीकडे सौदी अरेबियाचे उदाहरण देतात. सप्टेंबर २०२४ मध्ये रियाधच्या किंग फैसल स्पेशालिस्ट हॉस्पिटलने रोबोटच्या साहाय्याने संपूर्ण हृदय प्रत्यारोपण केल्याचे जाहीर केले आणि रुग्ण ‘लहान मूल’ होता, असे मजकुरात येते. रुग्ण १६ वर्षांचा होता. कायद्याने तो बालक. शरीराच्या मापाने जवळपास प्रौढ. ही शस्त्रक्रिया थक्क करणारी आहे यात वाद नाही, पण तिच्यावरून सहा महिन्यांच्या बाळाबद्दल काहीही अनुमान काढता येत नाही. या तंत्राचा इतिहासच मोठ्या शरीरांचा आहे. १९९८ मध्ये पॅरिसमध्ये आलां कार्पांतिए यांनी रोबोटच्या साहाय्याने जी पहिली खुली हृदयशस्त्रक्रिया केली, ती पडद्याच्या जन्मजात दोषासाठीच होती, आणि रुग्ण ५२ वर्षांची महिला होती.

तेव्हा हे यंत्र कोणाच्या कामाचे आहे, हेही सांगायला हवे. ज्या किशोरवयीन मुलामुलींचे किंवा तरुणांचे एएसडी बटणाने बंद होण्यासारखे नाही, शरीर पुरेसे वाढलेले आहे, जांघेतल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद आहेत आणि जवळ सरावलेला गट आहे, त्यांच्यासाठी रोबोट हा चांगला पर्याय आहे. हाड कापले न गेल्याने ती लवकर हिंडूफिरू लागतात आणि छातीच्या मध्यभागी व्रण राहत नाही. लग्नाच्या बाजारात मुलीच्या छातीवरचा व्रण अजूनही मोजला जातो, हे आपल्या समाजाचे दुर्दैव आहे, पण पालकांची ती चिंता खोटी नाही. मात्र त्या चिंतेवर रोबोटविना उपाय उपलब्ध आहे. उजव्या काखेखाली लहान उभा छेद घेऊन एएसडी आणि निवडक रुग्णांत खालच्या कप्प्यांमधील छिद्रही बंद करतात. हात खाली असताना व्रण दिसत नाही, आणि रोबोटला न जमणाऱ्या लहान वयातही हे करता येते. बालहृदयशल्यविशारदाला हा प्रश्न सरळ विचारावा. सर्वच ठिकाणी हे करतात असे नाही, आणि प्रत्येक दोषात ते शहाणपणाचेही नसते.

‘यश शंभर टक्के.’

ज्या वैद्यकीय मजकुरात ‘शंभर टक्के’ येते, तिथे वाचकाने चष्मा पुसून पुन्हा वाचावे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गटाने २००३ मध्ये १७ प्रौढ रुग्णांचे एएसडी पूर्णपणे रोबोटच्या साहाय्याने बंद केल्याचा अहवाल दिला. कोणीही दगावले नाही, पण हृदय-फुप्फुस यंत्रावरचा काळ साधारणपणे दोन तासांवर गेला आणि एका रुग्णाचे छिद्र काही दिवसांनी छोट्या चिऱ्यातून पुन्हा बंद करावे लागले. निवडक, अन्यथा धडधाकट प्रौढांतली ही गोष्ट आहे.

मुद्दा याहून मोठा आहे. साध्या एएसडीच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण चांगल्या केंद्रांत एक टक्क्याहूनही कमी आहे. जिथे आधीच जवळजवळ सगळे वाचतात, तिथे नवे यंत्र जास्त जीव वाचवेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. ते व्रण, वेदना आणि विश्रांतीचे दिवस कमी करू शकते. आणि ज्या गुंतागुंतीच्या दोषांत मुले खरोखर दगावतात, तिथे यंत्र पोहोचत नाही. तिथे फरक पडतो तो लहान मुलांचा सराव असलेल्या भूलतज्ज्ञाने, बाळाच्या मापाचे हृदय-फुप्फुस यंत्र चालवणाऱ्या परफ्युजनिस्टने, आयसीयूत रात्री तीन वाजता लघवीचे प्रमाण घटल्याचे ओळखणाऱ्या परिचारिकेने आणि शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होऊ न देणाऱ्या शिस्तीने. मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या देशांतील बालहृदय केंद्रांसाठी २००८ मध्ये बॉस्टनहून सुरू झालेल्या गुणवत्ता प्रकल्पाने नेमका यावरच भर दिला: हात धुणे, तपासण्यांच्या याद्या, परिचारिकांना बोलण्याचा अधिकार. त्यात भारतातील केंद्रेही सहभागी झाली आणि सहभागी केंद्रांत मृत्यू व संसर्ग कमी झाल्याचे दिसले. याची चित्रफीत कोणी पुढे पाठवत नाही, कारण पाहण्यासारखे त्यात काही नाही.

‘परदेशात जुनी पद्धत बंद झाली, आपल्याकडे लपवतात.’

हा मुद्दा फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. जगातील नामांकित बालहृदय केंद्रांत आजही बाळांची शस्त्रक्रिया छाती उघडूनच होते. आणि भारतात रोबोटची हृदयशस्त्रक्रिया गुप्त ठेवलेली नाही: दिल्लीच्या एस्कॉर्ट्स रुग्णालयात २००२ च्या सुमारास ती सुरू झाली, गुरुग्राममध्ये बनलेल्या एसएसआय मंत्रा या देशी यंत्राला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राममध्ये बसून सुमारे २८६ किलोमीटरवरच्या जयपूरमधील रुग्णांवर याच यंत्राने हृदयशस्त्रक्रिया झाल्याच्या बातम्या सर्वत्र छापून आल्या. ते रुग्ण प्रौढ होते. आपल्या बाळाच्या डॉक्टरांनी रोबोटचे नाव काढले नसेल, तर त्याचे साधे कारण वर फूटपट्टीने मोजून झाले आहे. खर्चाचे कारण दुय्यम आहे, पण तेही आहेच: यंत्र कोट्यवधींचे असते आणि त्याची अवजारे ठरावीक वेळा वापरून टाकून द्यावी लागतात.

‘म्हणून घाई करू नका, थांबा.’

आधीची सर्व विधाने चुकीची असूनही कदाचित निरुपद्रवी राहिली असती. हे विधान तसे नाही. जन्मजात हृदयदोषांत शस्त्रक्रियेची वेळ दोषच ठरवतो, आणि ती पुढे ढकलण्याचा अधिकार यंत्राच्या उपलब्धतेला नसतो.

महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झालेल्या बाळाचे उदाहरण घ्या. १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये अदिब जातेने यांनी या धमन्या कापून योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली, आणि आज ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करतात. कारण या बाळांत डाव्या कप्प्याला शरीराऐवजी फुप्फुसांकडे, म्हणजे कमी दाबाविरुद्ध, रक्त ढकलावे लागते. आठवडे उलटतात तसे त्याचे स्नायू अशक्त होत जातात आणि मग अचानक संपूर्ण शरीराचा भार त्याच्यावर टाकला तर तो पेलवत नाही. फुप्फुसांतून येणाऱ्या शिरा चुकीच्या जागी जोडलेल्या आणि वाटेत अडलेल्या असतील, तर प्रश्न तासांचा असतो.

खालच्या दोन कप्प्यांमधील मोठे छिद्र, म्हणजे व्हीएसडी, अधिक फसवे आहे. बाळ दूध पिताना थकते, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही, सर्दी छातीत उतरून वारंवार न्यूमोनिया होतो. असे छिद्र साधारणपणे पहिल्या वर्षात, पुष्कळदा सहा महिन्यांच्या आत बंद करतात. ते तसेच राहिले तर पुढे कधी कधी बाळ ‘सुधारल्यासारखे’ दिसते: धाप कमी होते, वजन धरते. घरचे म्हणतात, बरे झाले थांबलो. खरे तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जास्तीच्या दाबाने जाड होऊन आक्रसत असतात, म्हणून तिकडे जाणारे रक्त घटते आणि लक्षणे मंदावतात. शेवटी प्रवाह उलटतो, ओठ आणि नखे निळी पडू लागतात. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये वर्णन केलेली ही अवस्था आली की छिद्र बंद करणेच घातक ठरते. त्या टप्प्यावर जगातला कोणताही रोबोट, कोणताही शल्यविशारद ते मूल दुरुस्त करून देऊ शकत नाही. जी शस्त्रक्रिया पाचव्या महिन्यात नेहमीची होती, ती पाचव्या-सातव्या वर्षी अशक्य झालेली असू शकते.

डॉक्टर स्वतः ‘थांबू या’ म्हणतात तेव्हा मात्र ते वेगळे थांबणे असते. तान्ह्या वयात सापडलेले ५ मिमीहून लहान एएसडी पुष्कळदा आपोआप बुजते. खालच्या पडद्याच्या स्नायुमय भागातली बारीक छिद्रेही बऱ्याचदा मिटतात. मध्यम एएसडी असलेले, नीट वाढणारे मूल बटणासाठी तीन-चार वर्षांचे होईपर्यंत थांबवतात. या थांबण्यात ठरावीक महिन्यांनी इको असतो, फुप्फुसांतल्या दाबावर नजर असते, आणि काही बिघडले तर काय करायचे हे आधी ठरलेले असते. फॉरवर्डमधल्या थांबण्यात यातले काहीच नसते. तिथे पुढची तारीख नसते आणि बिघाड ओळखणारा कोणी नसतो.

ज्यांना खर्चामुळे थांबावेसे वाटते, त्यांच्यासाठी माहिती अशी आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणारे तपासणी पथक याच कार्यक्रमाचे असते. पथकाने हृदयात वेगळा आवाज असल्याचे सांगून चिठ्ठी दिली असेल, तर ती चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयात जावे. पुढचा इको आणि शस्त्रक्रिया यांची व्यवस्था तिथून होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही मुलांच्या अनेक हृदयशस्त्रक्रिया येतात, आणि नवी मुंबईतील खारघर येथे केवळ मुलांच्या हृदयासाठी असलेले, शुल्क न घेणारे सत्यसाई संजीवनी रुग्णालय आहे.

आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर, रोबोट आहे का हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. फुप्फुसांतला दाब आज किती आहे? शस्त्रक्रिया कोणत्या महिन्याच्या पलीकडे जाता कामा नये? आणि आमच्या बाळाएवढ्या वजनाच्या, याच दोषाच्या किती मुलांवर या रुग्णालयात गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचे पुढे काय झाले? उत्तरे तिथेच, इकोच्या कागदामागे लिहून घ्यावीत.